आजोबांच्या लेन्स आणि मामाकडचं वादळ

लातूर
बुधवार, ९ ऑक्टोबर २०२४, रात्र

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास, “आई, मामाकडे एवढं वादळ येतंय आणि तू गच्चीवर लेन्स उन्हात ठेवत बसलीस? तुला सुचतं तरी कसं?” त्यात राग नव्हता, काळजी होती, ते मला कळलं. पण आजी शेजारीच बसलेली. तिच्यासमोर वादळाचं नाव फार काढायचं नाही असं मी ठरवलंय, म्हणून हो-नाही करून फोन ठेवला. आता ती झोपलीये. सावकाश लिहिते.

आधी तिकडची, अमेरिकेतल्या फ्लोरिडाची खबर. मामा काल लेकरांना घेऊन ऑर्लँडोला मित्राकडे पोचला. एरवी दोन तासांचा रस्ता, काल अर्धा दिवस गेला. सगळा पश्चिम किनारा एकदमच बाहेर पडलेला, गाड्यांच्या रांगा हलेनात, पंपांवर पेट्रोल संपलेलं. निघताना टाकी भरलेली होती म्हणून निभावलं. सेंट पीटर्सबर्गचं त्यांचं घर ‘बी’ झोनमध्ये येतं, तिथल्या लोकांना निघायचा हुकूमच होता. मामी मात्र निघालेली नाही. नर्स आहे ती, तिचं नाव वादळाच्या ड्यूटीवर लागलंय. कपडे, चादर, डबे घेऊन दवाखान्यातच राहायला गेलीय. वादळ सरून दुसरी माणसं येईपर्यंत तिथून हलायचं नाही. म्हणजे मामी दवाखान्यात, मामा आणि लेकरं ऑर्लँडोत आणि घराला कुलूप. ऑर्लँडो समुद्रापासून आत आहे, लाट तिथवर पोचत नाही. पण वादळ राज्य ओलांडून पूर्वेला जाणार ते त्याच बाजूनं, तेव्हा वारा-पाऊस तिथेही चुकणार नाही.

हे मिल्टन वादळ शनिवारी नावारूपाला आलं आणि सोमवारी पाचव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीत गेलं. एका दिवसात वाऱ्याचा वेग ताशी दीडशे किलोमीटरनं वाढला, ताशी २८५ पर्यंत गेला. मेक्सिकोच्या आखाताचं पाणी ऊन झालेलं असलं की वादळाला तिथं लागेल तेवढं बळ मिळतं, असं मामा म्हणाला. त्यानं मला त्यांच्या हवामान खात्याचा नकाशा वाचायला शिकवलाय. त्यावर तो पांढरा शंकू असतो ना, तो वादळाची रुंदी दाखवत नाही. वादळाचं केंद्र कुठून कुठवर जाऊ शकेल तेवढंच दाखवतो, आणि तेही तीनातल्या दोन वेळा खरं ठरतं. शंकूच्या बाहेर घर असलं म्हणून निर्धास्त राहायचं नसतं. मी सोमवारपासून तो नकाशा बघतेय. दर सहा तासांनी नवा येतो, आणि प्रत्येक वेळी वादळाच्या वाटेची रेघ टॅम्पाच्या खाडीच्या, म्हणजे मामाच्या गावाजवळच्या खाडीच्या, जरा वर नाहीतर जरा खाली सरकलेली असते.

सगळा जीव त्या वर-खाली सरकण्यात अडकलाय बघ. टॅम्पाची खाडी उथळ आहे. आपल्या अर्ध्या गोलातलं वादळ उलट्या काट्यानं फिरतं. केंद्र खाडीच्या उत्तरेनं जमिनीवर आलं तर वारा समुद्र उचलून खाडीत कोंबतो, दक्षिणेनं आलं तर तोच वारा खाडीतलं पाणी बाहेर ओढून नेतो. २०१७ च्या इर्मा वादळाच्या वेळी असंच पाणी ओसरून खाडीचा तळ उघडा पडला होता. या वेळी मंगळवारी अंदाज होता दहा ते पंधरा फूट पाण्याचा. पंधरा फूट म्हणजे आपल्या घराचा तळमजला बुडून वर. मोठ्या ताकदीचं वादळ त्या खाडीवर थेट आलं होतं ते १९२१ साली. तेव्हा तिथं किती वस्ती होती, आणि आज काठाला धरून लाखो लोक राहतात. त्यात आधीच्या हेलीन वादळाला अजून दोन आठवडेही पुरते झालेले नाहीत. मामाच्या गल्लीच्या टोकाला ज्यांच्या घरात तेव्हा पाणी शिरलं, त्यांच्या भिजलेल्या गाद्या, सोफे, कपाटाची दारं अजून रस्त्याकडेला ढिगानं पडून आहेत. आता तेच वाऱ्याबरोबर उडणार ही तिथल्या लोकांना वेगळी धास्ती.

आजीला मी एवढंच सांगितलंय की तिकडं पाऊस फार आहे, शाळेला सुट्टी आहे. पण म्हातारी माणसं फोनवरचा आवाज ओळखतात. संध्याकाळी घटाला माळ घालताना मला म्हणाली, “वारं लई सुटलंय म्हण की तिकडं. लेकरं कुटं हायेत?” मी म्हटलं, मामाजवळ आहेत. “आन् सून?” मी म्हटलं, दवाखान्यात. मग काही बोलली नाही. समईत तेल घातलं आणि तिथंच भिंतीला टेकून बसून राहिली.

आता लेन्सचं सांगते.

गणपतीत तू तुझा जुना कॅमेरा आणि तो अडॅप्टर पाठवलास, तेव्हा मला वाटलं होतं, बघू कधीतरी. मग आबांचा तो स्टीलचा चौकोनी डबा काढला, जो माळ्यावर पत्र्याच्या पेटीत होता. उघडला आणि आतून तोच वास आला, जुन्या ग्रीसचा आणि चामड्याचा. आबा त्यात सिलिका जेलची पुरचुंडी ठेवायचे. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा निळे करायचे. मला ते काम फार आवडायचं. आपली मराठवाड्याची कोरडी हवा माणसांना तहानेनं मारते, लेन्सना मात्र ती मानवली. कोकणात एवढ्या वर्षांत काचांवर बुरशीची जाळी धरली असती. आबांच्या लेन्समध्ये टॉर्च मारून मी मागून-पुढून बघितलं, धूळ आहे थोडी, जाळं नाही.

आबांच्या झेनिट कॅमेऱ्याबरोबर आलेली हेलिओस लेन्स आहे, ४४-२. अठ्ठावन्न मिलिमीटरची, एफ टू. रशियात बनलेली, पण मूळ आराखडा जर्मन, झाइस कंपनीच्या बायोटार लेन्सवरून घेतलेला. हातात घेऊन बघशील तेव्हा कळेल, किती जड आहे. तुझ्या हल्लीच्या लेन्स मला उचलल्यासारख्या वाटतच नाहीत. हिला अ‍ॅपर्चरच्या म्हणजे उजेडाचं भोक लहान-मोठं करायच्या दोन कड्या आहेत. एक खटखट करत आकड्यावर बसते, ती आधी ठरवून ठेवायची. दुसरी आवाज न करता फिरते. पूर्ण उघडी ठेवून भरपूर उजेडात फोकस करायचा, मग डोळा न काढता दुसरी कडी अडेपर्यंत फिरवायची आणि शटर दाबायचं. मला पहिल्यांदा वाटलं होतं की हे फार किचकट आहे. आता बोटांना ते आपोआप जमतं, आबांची बोटं जशी चालायची तशी.

तू विचारलं होतंस ना, पन्नास वर्षांपूर्वीची लेन्स आजच्या कॅमेऱ्याला कशी बसते? या सगळ्या आट्याच्या लेन्स. बेचाळीस मिलिमीटरचा व्यास, एक मिलिमीटरचा आटा, बाटलीच्या झाकणासारख्या फिरवून बसवायच्या. जुन्या कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्मच्या मधे आरसा फिरायचा, त्याला जागा हवी म्हणून लेन्स फिल्मपासून साडेपंचेचाळीस मिलिमीटरवर असायची. तुझ्या कॅमेऱ्यात आरसाच नाही, तिथं हे अंतर अठराच मिलिमीटर. उरलेलं साडेसत्तावीस मिलिमीटर अंतर ती तू पाठवलेली काळी नळी, म्हणजे अडॅप्टर, भरून काढते. आत काच नाही, काही नाही. नुसती पोकळी. पण ती नेमकी तेवढीच हवी, थोडी कमी-जास्त झाली तरी लांबचा डोंगर स्पष्ट येणार नाही. आबांना हे दाखवायला हवं होतं रे. त्यांनी ती नळी तासभर फिरवून बघितली असती.

दुसरी आहे ती सुपर टाकुमार, पन्नास मिलिमीटर, एफ वन पॉइंट फोर. गच्चीवर उन्हात ठेवलेली तीच. तिच्या मागच्या काचेत थोरियम हा किरणोत्सर्गी धातू मिसळलेला असतो, काचेतून उजेड जास्त वळावा म्हणून त्या काळी घालायचे. पण वर्षानुवर्षांत त्याच्याच किरणांनी काच आतून पिवळी पडते. आपली तर चहासारखी झाली होती, पांढरी भिंत त्यातून बघितली तर हळदीची वाटायची. उन्हातल्या अतिनील किरणांनी तो रंग पुन्हा उतरतो. म्हणून ही ऑक्टोबरची उन्हं कामाला लावली. पुढच्या तोंडाला टोपण, खाली अ‍ॅल्युमिनियमची चांदी, आणि मागची काच वर. टोपण विसरायचं नाही, भिंगातून ऊन पडून काहीतरी पेटायचं. आणि दुपारी कडक तापली की आत आणायची, नाहीतर आतलं ग्रीस पातळ होऊन त्या भोकाच्या पाकळ्यांवर येतं. बराच पिवळेपणा गेलाय. सगळा घालवावा असं मला वाटत नाही, संध्याकाळच्या फोटोत तो बरा दिसतो.

आता कशाचे फोटो काढते ते. आज घटाचा काढला. घट हलवायचा नाही, त्याला हात लावायचा नाही, आणि हेलिओस अर्ध्या मीटरच्या आत फोकसच करत नाही, तेव्हा दोघींचं बरं जमलं. शेतातली काळी माती पत्रावळीवर, त्यात उगवलेले गहू आणि ज्वारी, आता चार-चार बोटं वर आलेत. खिडकीचा उजेड नाही तिथं, त्यामुळे धान पिवळसर पोपटी असतं, ते तुला माहीत आहे. समईच्या उजेडात मी स्क्रीनवर मोठं करून फोकस लावला तेव्हा दिसलं की प्रत्येक पात्याच्या टोकाला पाण्याचा एकेक थेंब आहे, आणि त्या थेंबात समईच्या ज्योती उलट्या दिसताहेत. नुसत्या डोळ्यांनी मला ते इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. मागे कारळाच्या पिवळ्या फुलांची माळ लोंबतेय, ती सगळी विरघळून कडेकडेनं वळल्यासारखी आलीय. या लेन्सचा तो स्वभावच आहे. मधोमध सरळ, आणि कडेला उजेडाचे ठिपके चपटे होऊन गोल फिरल्यासारखे दिसतात, कारण कडेनं येणारा उजेड लेन्सच्या नळीनं थोडा थोडा कापला जातो. हल्लीच्या लेन्समध्ये हा दोष काढून टाकतात. मला तो हवा आहे.

तुला सुचतं कसं, असं तू विचारलंस. तुझ्या मनात असं असेल की काळजी असली की माणसानं काळजीच करावी. मी सोमवारी तेच केलं बाळा. टीव्ही लावला, फोनवर नकाशा, दर दहा मिनिटांनी मामाला “निघालास का?” मग त्याचाच मेसेज आला, “अक्का, बॅटरी जपायचीय, मी निघालो की कळवतो.” तेव्हा लक्षात आलं की माझ्या काळजीचं ओझं मी त्याच्या बॅटरीवर टाकत होते. त्यानंतर मी कॅमेरा हातात घेतला. फोकस करताना दुसरं काही मनात ठेवताच येत नाही. श्वाससुद्धा रोखावा लागतो. तेवढ्या वेळात त्या बापड्याचा फोन वाजत नाही. आणि खरं सांगू, तेवढ्यापुरती मला त्यात गोडीही लागते, आनंद होतो. तो लपवावा असं मला वाटत नाही. तो थेंब स्पष्ट आला तेव्हा मी हसले, आणि पुढच्या मिनिटाला मामीच्या काळजीनं पोटात कालवलं. दोन्ही एकाच मनात होतं.

तू जन्मला नव्हतास तेव्हाचं सांगते. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीची रात्र उलटून पहाट. विसर्जन करून लोक नुकतेच पडलेले. चारच्या आत जमीन हलली. आम्ही लातूरला, घराबाहेर पळालो, भांडी फडताळातून खाली आली, भिंतीला तडा गेला, तेवढंच. पण उजाडल्यावर किल्लारीकडून खबर यायला लागली. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद, झोपलेल्या माणसांवर सगळं घरच बसलं. औसा, उमरगा, लोहाऱ्याकडची गावंच्या गावं गेली. हजारो माणसं. मामा तेव्हा पुण्याला हॉस्टेलवर. रेडिओवर त्यानं लातूर एवढंच ऐकलं. ट्रंक कॉल लागेना, एसटीडी बूथवर ही रांग. मिळेल त्या गाडीनं, काही रस्ता ट्रकमध्ये उभा राहून, तो दुसऱ्या दिवशी घरी आला. दारात आम्ही सगळे दिसलो तर बोलता येईना त्याला. नुसता आबांच्या खांद्याला धरून उभा राहिला. पुढे कितीतरी वर्षांनी मला म्हणाला, “अक्का, त्या रस्त्यात मी तुम्हाला सगळ्यांना एकेकदा मारून बसलो होतो.”

आता तो वादळात आणि मी लांब. फरक एवढाच की भूकंपानं आम्हाला विचारायलाही वेळ दिला नव्हता, आणि हे वादळ शनिवारपासून नाव सांगत, वेग सांगत, वेळ सांगत येतंय. माणसं त्यामुळे वाचतात हे खरं. लांबच्या माणसाची वाट बघणं मात्र त्यानं लांबतं.

त्या भूकंपानंतर आबांनी काय केलं ते तुला कुणी सांगितलेलं नाही. आपला स्टुडिओ गंजगोलाईच्या मागच्या बोळात. लग्नं ते यशिकावर काढायचे, बारा फोटोंचा रोल. झेनिट ही त्यांची स्वतःची हौस. सगळ्या लग्नांच्या निगेटिव्ह खाकी पाकिटात, वर गाव आणि साल लिहून, कपाटात ठेवलेल्या. दिवाळीच्या आसपास तिकडची माणसं यायला लागली. घर गेलं, त्यात माणूस गेलं, आणि त्याचा एकुलता फोटो होता तोही ढिगाऱ्याखाली गेला. कुणीतरी त्यांना आठवण दिलेली असायची की अमक्याच्या लग्नात फोटोवाले लातूरहून आले होते, त्या पंगतीत आपलं माणूस होतं. आबा पाकिटं काढायचे. तीस-चाळीस जणांचा ग्रुप, त्यात मागच्या रांगेत अर्धा झाकलेला चेहरा, निगेटिव्हवर खसखशीएवढा. फोटो मोठा करायच्या यंत्राचं, एन्लार्जरचं, डोकं खांबाच्या टोकापर्यंत वर न्यायचे, तरी पुरेना म्हणून ते फिरवून समोरच्या भिंतीवर उजेड पाडायचे आणि तिथं पेपर टाचण्यांनी लावायचे. लाल दिव्यात मी ट्रे हलवायला असायची. डेव्हलपरमध्ये आधी केस येतात, भुवया येतात, मग डोळे. आबांचं एकच म्हणणं असायचं, “डोळे दिसले पाहिजेत.” सास्तूरची एक बाई आली होती बहिणीच्या फोटोसाठी. हायपोच्या रसायनातून काढलेला कागद नीट धुऊन वाळायच्या आधीच तिनं हातात घेतला, पदरानं टिपला आणि तसाच ओला घेऊन निघाली. आबा दारात उभे राहून म्हणत होते, “बाई, पिवळा पडंल, नीट धुऊन वाळू द्या.” तिनं ऐकलं नाही.

त्या एन्लार्जरची लेन्स त्याच डब्यात आहे. पंचाहत्तर मिलिमीटरची, छोटी, काळी. ती मी अजून कॅमेऱ्याला लावलेली नाही.

मामा सोमवारी रात्री मला विचारत होता, गाडीत काय काय घेऊ. पासपोर्ट, घराचे आणि विम्याचे कागद, औषधं, पाणी, हे त्याला माहीतच होतं. मामीनं घराच्या प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढून ठेवला, पुढे विम्याला लागतो म्हणून. मी म्हटलं, आबांची जी निगेटिव्हची पेटी तू नेलीयेस ती घे. तो म्हणाला, “ती सगळ्यात आधी ठेवली.” त्यामुळे त्या घराला काहीही झालं तरी मला रडू येणार नाही असं मी स्वतःला सांगत असते.

डोळे मिटायला लागले. चारला उठायचं आहे. तिकडं तेव्हा संध्याकाळचे साडेसहा असतील.

गुरुवार, सकाळी

झोप आली नाही म्हणायला हरकत नाही. आजी माझ्याआधी उठून बसली होती. बरोबर सहाच्या सुमारास, म्हणजे तिकडे रात्री साडेआठला, वादळ जमिनीवर आलं. सिएस्टा की म्हणून बेट आहे सारासोटाजवळ, तिथं. खाडीच्या दक्षिणेला, बाळा! तिसऱ्या श्रेणीत, वारा ताशी १९५ च्या आसपास. मी आजीला ओरडून सांगितलं आणि मग तिला काय सांगितलं तेच कळेना तिला, मग नकाशा दाखवून सगळं समजावलं. लपवायचं काही राहिलंच नाही. ती शांतपणे म्हणाली, “मला ठाव होतं. तू रोज नकाशा बघून तोंड पुसायलीस.”

खाडीतलं पाणी बाहेर ओढलं गेलं. ज्या पंधरा फुटांची भीती होती ते पाणी तिथं आलं नाही. ते दक्षिणेच्या किनाऱ्यांवर चढलं, तिथल्या लोकांच्या वाट्याला गेलं. सेंट पीटर्सबर्गला पाऊस मात्र भयंकर, अठरा इंचांच्या वर. आपल्या लातूरला वर्षभरात पडतो त्याच्या निम्म्याहून जास्त, एका दिवसात. बेसबॉलच्या मोठ्या स्टेडियमचं छप्पर वाऱ्यानं फाटून गेलं. गावातला एक बांधकामाचा क्रेन कोसळला. नळाचं पाणी बंद केलंय, वीज तीसेक लाख घरांची गेलीय. आणि पूर्वेच्या किनाऱ्यावर, जिकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, तिकडं वादळ पोचायच्याही आधी टोर्नेडो उठले, सेंट लुसी भागात माणसं गेली. आम्ही सगळे एका खाडीकडे डोळे लावून बसलो होतो, आणि ती माणसं आपल्या घरात बसलेली.

मामाचा मेसेज आपल्या सकाळी साडेआठला आला: लाइट नाही, लेकरं झोपलीत, आम्ही ठीक. मामीचा त्याच्याही नंतर, दोनच शब्दांचा: “मी बरी.” आजीनं तो मला तीनदा वाचायला लावला. घराचं अजून काही कळलेलं नाही. शेजारी कुणी नाहीत, रस्त्यांत झाडं आणि तारा पडल्यात, पूल बंद आहेत. ते कळेल तेव्हा कळेल.

आता तुझ्यासाठी काम. आपल्या सगळ्या नातेवाइकांना, मावशीला, परभणीच्या काकांना, मी एकेक फोन करून सांगितलंय की कुणीही तिकडं फोन करायचा नाही. मामा मला कळवेल, मी तुम्हाला. तू पुण्यातल्यांना सांग. परवा दसरा आहे, शुक्रवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सचं तिकीट काढ. येताना तो सपाट एलईडी दिवा आण, चित्रकार खाली ठेवतात तसला, निगेटिव्ह त्याच्यावर ठेवून कॅमेऱ्यानं उतरवता येतात म्हणालास ना. कपाटातली सगळी खाकी पाकिटं अजून इथंच आहेत, वर गावांची नावं आहेत, आणि त्यातली कितीतरी गावं आता त्या जागेवर नाहीत. ती कामाला काढू. त्या कामाला मात्र मी आबांची ती छोटी काळी लेन्स लावणार आहे, तेवढी बसवायची सोय बघून ये. तिचा आटा बेचाळीसचा नाही, बारीक आहे, वेगळी कडी लागेल.

आणि मामीला शनिवारपर्यंत फोन करू नकोस. ती किती तास उभी आहे कोण जाणे. ड्यूटी सुटली की झोपू दे तिला.

तुझी,
आई